वाटीत ठेव, मी खाईन

जाळीच्या दारावर वाकड्या बोटानं दोनदा टकटक करायची आणि वाकून विचारायचं, "काय रे, जेवलास का?" आत मादी असेल तर, "काय गं, जेवलीस का?" एका रांगेत वीस पिंजरे, अशा दोन रांगा. काका एकही दार चुकवायचे नाहीत. आतून कुणी भुंकायचं, कुणी जाळीवर उडी मारायचं, कुणी कोपऱ्यात तोंड घालून पडलेलं असायचं. उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून काका पुढच्या दाराशी जायचे.

मला आधी वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. तुम्हालाही वाटलं असतं, उगाच साळसूदपणा करू नका. नॉर्थ कॅरोलिनातलं सरकारी ॲनिमल शेल्टर, नाकात जाणारा ब्लीचचा वास, कान किटतील इतकं भुंकणं, आणि त्यात ऐंशीच्या घरातला एक मराठी माणूस, शर्ट नीट पँटमध्ये खोचून, कुत्र्यांना जेवणाचं विचारत फिरतोय.

"काका, त्यांना मराठी कळत नाही," मी पहिल्याच दिवशी म्हटलं.

"इंग्लिश तरी कुठं कळतंय?" ते म्हणाले आणि पुढच्या दारावर टकटक केली.

मी तिथं काय करत होते तेही सांगून टाकते. प्राण्यांवरच्या प्रेमापोटी वगैरे मुळीच गेले नव्हते. मला कुत्र्यांची भीती वाटते, अजूनही वाटते. पुण्यात मी बँकेत ऑफिसर होते. लग्नानंतर नवऱ्याबरोबर मॉरिसव्हिलला आले ती अशा व्हिसावर, की पगार घ्यायला बंदी, फुकट राबायला मोकळीक. मुलगी प्रीस्कूलला गेली की घरात मी आणि डिशवॉशर. तेवढ्यात इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला, की एका काकांना आठवड्यातून तीन दिवस सकाळी शेल्टरला जायला राइड हवी आहे, डोळ्यांमुळे त्यांनी ड्रायव्हिंग सोडलंय. मी हो म्हटलं. दोन तास गाडीत बसून काय करायचं, म्हणून आत गेले, आणि टॉवेल धुवायच्या मशीनपाशी माझी नेमणूक झाली. कुत्र्यांपासून लांब, मला तेच हवं होतं.

काका आमच्या घरासमोरच्याच सीनियर अपार्टमेंटमध्ये एकटे राहायचे. मूळचे अमळनेरचे. इकडे येऊन पन्नास वर्षं होत आली होती. राज्याच्या रस्ते खात्यात पूल तपासायची नोकरी केली त्यांनी जन्मभर. त्यामुळे आमचा प्रवास एरवी पंधरा मिनिटांचा, पण प्रत्येक पुलाखालून जाताना काका काचेतून वर बघणार आणि सांगणार, "हा बरा आहे. हा माझ्यानंतर दुरुस्त केलाय, पण मनापासून नाही केलेला." एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, मी याच्याखालून रोज जाते, मला नका सांगू." तर म्हणाले, "जा गं, तुझं वजन किती?"

शेल्टरमध्ये त्यांच्याकडे बाउल धुण्याचं काम होतं. ते काम कुणालाच नको असायचं. एकावर एक रचलेले स्टीलचे बाउल, चिकट, वाळलेलं खाणं लागलेले. काका बाह्या दुमडून सिंकपाशी उभे राहायचे आणि प्रत्येक बाउल आधी उजेडात धरून बघायचे. कुणी सगळं खाल्लं, कुणी नुसतं हुंगलं, कुणाचं तसंच परत आलं, हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. तिथल्या डॉक्टरीणबाई केस बघायच्या आधी काकांना विचारायच्या. तिथली पोरंटोरं त्यांना "अंकल" म्हणायची, आणि पुढच्या काउंटरवरची जाडजूड बाई सकाळी आम्ही आत शिरलो की मोठ्यानं ओरडायची, "जेवला का, अंकल?" काका तिला रोज खरं उत्तर द्यायचे. "एक पोळी आणि चहा." ती हसायची. कळत काही नव्हतं तिला, पण रोज विचारायची.

ऑक्टोबरात ती आली.

हायवेच्या कडेला कुणीतरी जुना सोफा टाकून दिला होता, त्याच्या आडोशाला सापडली. मोठी हाउंड कुत्री, काळी-तपकिरी, लांब लोंबते कान, मानेवर कधीकाळच्या दोरीचा वळ. अंगाला खरूज. त्या आठवड्यात आलेल्या कुत्र्यांना न्याहारीच्या पदार्थांची नावं द्यायचं ठरलं होतं, म्हणून ती वॉफल. काकांनी कार्ड वाचलं आणि म्हणाले, "ही नावं ठेवायची पद्धत झाली का?" ते तिला बाई म्हणायला लागले.

बाई भिंतीकडे तोंड करून बसायची. भुंकायची नाही, गुरगुरायची नाही, खायचीही नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी तिचा बाउल माझ्यापुढे धरला. "हे बघ. दाणासुद्धा हललेला नाही." शेल्टर इतकं भरलेलं होतं, की जे जनावर खातच नाही त्याला फार दिवस ठेवत नसत. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नसे.

गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "तू मऊभात करतेस का गं?"

"मुलीसाठी करते. का?"

"उद्या मूठभर जास्त टाक. मीठ नको. आणि तुम्ही चिकन खाता ना? थोडं उकडून दे."

नियम होता, की बाहेरचं खाणं आणायचं नाही आणि खाणं बाउलमधूनच द्यायचं. मी नियम मोडणारी बाई नाही, बँकेत होते मी. पण काकांनी तोंड असं केलं होतं, की मी दुसऱ्या दिवशी स्टीलचा डबा भरला. जन्मभर अंड्यालाही न शिवलेल्या त्या माणसानं तिच्या पिंजऱ्यात उलट्या बादलीवर बसून चिकनचे धागे बोटांनी सुटे केले आणि भातात कालवले. "आमच्या आईनं बघितलं असतं तर मला दारातच आंघोळ घातली असती," म्हणाले. मग बाईकडे पाठ केली, हात मागे नेला, तळव्यावर घास ठेवला आणि बसून राहिले. मी बाहेर टॉवेलांची टोपली घेऊन उभी. किती वेळ गेला कोण जाणे. माझे पाय दुखायला लागले. मग बाई उठली, मान लांब केली आणि काकांच्या हातातला घास उचलला.

काका वळून बघणारसुद्धा नव्हते, पण मला त्यांचा चेहरा दिसत होता. मला एकदम रडू आलं. इतक्या दिवसांत त्या जागेत कुणी काही मागितलेलं आणि कुणाला ते मिळालेलं मी पहिल्यांदा बघत होते.

मग ते रोजचंच झालं. आम्ही तीनाचे सहा दिवस केले. पाठमोरे काका दोन-तीन दिवसांत तिच्या समोर तोंड करून बसायला लागले. "हा चिऊचा, हा काऊचा," चालायचं. साठ पौंडांची ती धिप्पाड बाई पुढचे पंजे जुळवून बसायची आणि हात पुढे येताना दिसला, की तोंड उघडायची. बाउलमधल्या कोरड्या खाण्याला शिवायची नाही. पण वजन वाढलं, खरूज बरी व्हायला लागली, शेपटी हलायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहीतरी चमत्कार आहे. काका सिंकमध्ये मान घालून बाउल घासत राहिले. डबा माझ्या पर्समध्ये होता.

आता माझा गुन्हा सांगते.

शेल्टरमध्ये रुजू होताना आम्हा नव्या लोकांना एक व्हिडिओ दाखवला होता. कुत्र्याला नवं घर द्यायच्या आधी तिथं त्याची टेस्ट घेत. बाउलमध्ये खाणं ठेवायचं, कुत्रा खायला लागला, की काठीला बसवलेला प्लास्टिकचा हात त्या बाउलमध्ये घालायचा. कुत्रा खात राहिला, तर पास. त्यानं हातावर दात लावले, तर त्याला साध्या माणसांच्या घरी देत नाहीत. एखाद्या रेस्क्यू ग्रुपनं नेलं तर नेलं, नाहीतर कायमचं झोपवायचं इंजेक्शन. व्हिडिओतला तो गुलाबी हात बघून मी हसले होते, म्हणून लक्षात राहिला. काकांनी तो बघितला नव्हता. भांडी घासणाऱ्याला व्हिडिओ कशाला दाखवतील?

बाईला भरवायला लागून तिसरा आठवडा होता. मी जाळीबाहेर उभी होते, काकांचा हात डब्यातून वर आला आणि बाईनं तो अर्ध्या वाटेत तोंडात धरला. हळूच, अगदी मुलं बोट चोखतात तसा. आणि मला तो गुलाबी हात आठवला.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. कारण त्या दिवशी परत येताना काका पुलांबद्दल एक शब्द बोलले नाहीत, पहिल्यांदाच काकूंबद्दल बोलले. स्ट्रोकनंतर काकू नर्सिंग होममध्ये होत्या. चमचा बघितला की ओठ घट्ट मिटायच्या. काका रोज दोन्ही वेळा जाऊन हातानं भरवायचे. नर्स म्हणायच्या, ग्लोव्हज घाला. "ग्लोव्हज घालून भरवतात का कुणी?" काका म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या हातानं जेवायचीच नाही बघ ती." बोलताना त्यांच्या आवाजात थोडी ऐट होती. मला म्हणवेना, की काका, उद्यापासून बाईला हातानं भरवू नका. टेस्टला अजून वेळ आहे, खरूज पूर्ण बरी झाल्याशिवाय घेत नाहीत, असं मी स्वतःला समजावलं. आणि भात लावत राहिले.

शेवटी डेबनंच आम्हाला पकडलं. डेब म्हणजे ती टेस्ट घेणारी बाई, उंच, करड्या केसांची, कमी बोलणारी. एका गुरुवारी ती पिंजऱ्यापाशी येऊन उभी राहिली तेव्हा काकांचा अख्खा पंजा बाईच्या तोंडात होता. डेब ओरडली नाही. खाली बसली आणि काकांना सगळं नीट समजावून सांगितलं. टेस्ट काय असते, हात कसा येतो, आणि दात लागले तर पुढं काय होतं. "पुढच्या गुरुवारी तिची टेस्ट आहे, अंकल. मला ती पुढं ढकलता येणार नाही, मागे रांग आहे. सात दिवस आहेत. तिला बाउलमधून खायला शिकवा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

ते त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी तोच भात, तेच चिकन बाउलमध्ये वाढलं, खाली ठेवलं आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. बाईनं बाउलकडे बघितलंच नाही. ती वळसा घालून काकांच्या मागे गेली आणि बोटं चाटायला लागली. काकांनी हात जॅकेटच्या खिशात घातले. तिनं खिशात नाक खुपसलं. काकांनी हात काखेत दाबून धरले. ती समोर बसली, पंजे जुळवले आणि तोंड उघडून वाट बघत राहिली.

"अगं बाई, तिथं आहे, तिथं," काका हनुवटीनं बाउल दाखवायचे. "खा की गं. तुझ्यासाठीच आहे."

चार दिवस ती उपाशी राहिली. काकाही जेवत नसावेत, मला शंका आहे. काउंटरवरच्या बाईनं "जेवला का, अंकल?" विचारलं, तर नुसती मान हलवून आत जायचे. मी गाडीत म्हटलं, "काका, एक घास द्या, मरेल ती." ते म्हणाले, "दिला तर मरेल." आणि काचेतून बाहेर बघायला लागले. पूल आला, गेला.

पाचव्या दिवशी बाईनं बाउलमध्ये तोंड घातलं.

आधी नुसतं हुंगलं, मग एक घास, मग भराभर. काका काखेत हात धरून जागच्या जागी उभे होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण पुसायला हात काढेनात. सहाव्या दिवशीही तिनं पूर्ण बाउल चाटून पुसून साफ केला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी संध्याकाळी घरी गोडाचा शिरा केला. नवरा म्हणाला, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "एक बाई स्वतःच्या तोंडानं जेवायला लागली." तो लॅपटॉपमध्ये परत गेला.

गुरुवारी टेस्टच्या खोलीत आम्हाला जाऊ दिलं नाही. दाराला काच होती, आम्ही तिथून बघत होतो. डेबनं बाउल ठेवला. बाई आली, बाउलमध्ये तोंड घातलं, खायला लागली. शहाण्यासारखी. काकांनी माझं मनगट धरलं होतं. मग डेबनं काठी पुढं केली आणि तो गुलाबी हात बाउलमध्ये आला.

बाईनं खाणं थांबवलं. हाताकडे बघितलं. आणि तिची शेपटी हलायला लागली, अशी जोरजोरात, की कंबरेपासून सगळं अंग हलत होतं. आठवडाभर हरवलेला हात परत आला होता ना! तिनं दोन्ही पंजे जुळवले आणि तो अख्खा हात तोंडात घेतला. त्यातून काहीच येईना, म्हणून ओढला. प्लास्टिक ते, ओढताना दात रुतले. दोन बोटं तुटून खाली पडली.

डेब बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. काका तिला इंग्रजीत सांगायला लागले, एरवी इतकं नीट इंग्रजी बोलणारे काका, पण शब्द सापडेनात. "शी वॉज हॅपी. यू सॉ. शी वॉज हॅपी."

"हो, मी बघितलं," डेब म्हणाली. "मी तेही लिहीन. पण अंकल, उद्या ती कुणाच्या घरी गेली, आणि तिथल्या मुलानं हात पुढं केला, तर? तिच्या आनंदानंही त्याची बोटं जातील."

माझ्या घरात चार वर्षांची मुलगी आहे. मी तिला घरी नेते असं म्हटलं नाही, आणि काकांनीही मला काही विचारलं नाही. मला तेच जास्त लागलं.

मग जे करतात ते सगळं केलं. डेबनं ओळखीच्या सगळ्या रेस्क्यू ग्रुपना फोन केले. सगळ्यांकडे भरलेलं. काकांनी आपल्या अपार्टमेंटच्या ऑफिसात जाऊन विचारलं. तिथं पंचवीस पौंडांपेक्षा जड कुत्रा चालत नाही. काकांनी त्या मॅनेजरला बाईचा फोटो दाखवला. ओहायोतल्या मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच इकडे या म्हणून मी दोन वर्षं मागे लागलेय, तुम्ही येत नाही, आणि आता कुत्री पाठवताय?" तिचंही काय चुकलं? मंडळाच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला. तेवीस लोकांनी हात जोडलेले पाठवले.

सोमवारी सकाळी डेबचा फोन आला, की आज आहे, यायचं असेल तर या.

शेवटच्या दिवशी तिथं कुत्र्याला काहीही चालतं. लोक बर्गर आणतात, आइस्क्रीम आणतात. मी भात नेला. काका पिंजऱ्यात गेले, बाउलमध्ये वाढलं, बाउल खाली ठेवला आणि हात काखेत घालून उभे राहिले. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते हात काढेनात.

माझा तोल गेला. "काका, आता कसली टेस्ट राहिलीय? भरवा तिला! कुणासाठी हात आवळून धरलेत?" मी अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी ओरडले. कुत्री भुंकायला लागली.

काका बादलीवर बसले. हात बाहेर काढला. घास केला. बाईनं तोंड उघडलं. चिऊ-काऊ काही झालं नाही, नुसतं भरवत राहिले, डबा संपेपर्यंत. मग दोन्ही हात तिला चाटायला दिले. "जेवलीस ना?" त्यांनी विचारलं. डेबनं तिला पट्टा लावला आणि ती शेपटी हलवत तिच्याबरोबर गेली, एकदा मागे वळून बघत, काका येतायत की नाही ते. काका नाही गेले.

परतीच्या वाटेत ते बोलले. "मला फ्लू झाला होता. आठ दिवस नर्सिंग होममध्ये आत सोडेनात. तिनं आठ दिवसांत कुणाच्याच हातचं घेतलं नाही. नळी घालायला गेले, ती ओढून काढली तिनं. नवव्या दिवशी मी गेलो, तेव्हा तिला गिळताच येत नव्हतं." काकूंबद्दल बोलत होते. "लोक म्हणायचे, किती प्रेम. मी सवय लावतो गं. एवढंच येतं मला. सवय लावतो आणि मग माझा हात नसतो."

मी गाडी कडेला घेतली. खरं तर मला सांगायचं होतं, की यात मीही होते, भात माझा होता, गप्प मी बसले. पण ते म्हटलं असतं तर त्यांनी माझीच समजूत काढली असती, आणि ते मला सहन झालं नसतं.

ते शेल्टरला पुन्हा गेले नाहीत. मी दोनदा गेले. काउंटरवरची बाई म्हणाली, "अंकल कुठेत?" आत पिंजऱ्यात दुसरा कुत्रा होता. मीही सोडून दिलं.

जानेवारीत काका बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड आणि उजवं मनगट मोडलं. ऑपरेशननंतर हिंडता-फिरता येईपर्यंत त्यांना एका रिहॅबमध्ये ठेवलं. त्यांची मुलगी येऊन आठवडाभर राहिली, पण तिची नोकरी, मुलांच्या शाळा. गाडीत बसता यायला लागलं की ओहायोला नेते म्हणाली आणि परत गेली. उजवा हात प्लास्टरमध्ये. तिथल्या नर्स चमच्यानं भरवायला यायच्या, काका ओठ मिटून घ्यायचे. हे मला मुलीनंच फोनवर सांगितलं. "मावशी, बाबा तुमचं ऐकतात." मला मावशी म्हणाली. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी असेल ती.

मी मऊभात केला. तूप, मेतकूट, मीठ. गेले तर काका उशीला टेकून बसलेले, शर्ट नाही, तिथला निळा झगा, गळ्याची हाडं वर आलेली. मी वाटीत भात कालवला. चमचा शोधायच्या भानगडीत पडले नाही, हात धुतले आणि घास करून त्यांच्या तोंडाशी नेला.

त्यांनी मान वळवली.

"काका, माझ्या हातचं आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले. "वाटीत ठेव. मी खाईन."

"कसे खाल? हात बांधलाय."

"डावा आहे की. बघेन."

"एक घास घ्या. चिऊचा." मला वाटलं, हसतील.

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, अगदी शांतपणे विचारलं, "रोज येणार आहेस?"

नवऱ्याची बदली ठरली होती. महिनाअखेरीला आम्ही रेडमंडला निघणार होतो, देशाच्या दुसऱ्या टोकाला. मी ते काकांना सांगितलं नव्हतं. पण त्यांना कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं.

"हो," मी म्हटलं.

"मग उद्या ये," काका म्हणाले. "आज वाटीत ठेव."

मी घास परत वाटीत ठेवला आणि वाटी त्यांच्यापुढच्या टेबलावर सरकवली. हात धुवून आले. पर्स उचलली.

"जेवलीस का गं?" त्यांनी विचारलं.

"हो, काका. जेवून आले."

त्यांनी मान हलवली. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. त्या दारालाही काच होती. मी तिथं उभी राहिले. काका वाटीकडे बघत बसले होते. डावा हात पांघरुणाखाली होता, तो बाहेर आला नाही. थोड्या वेळानं नर्स माझ्या शेजारून आत गेली, वाटीत डोकावली आणि म्हणाली, "झालं, हनी?" काकांनी हो म्हणून मान हलवली.

मला आत जायला हवं होतं. नुसतं म्हणायचं होतं, की त्यांनी अजून सुरूच केलेलं नाही. महिना झाला नाही तोच त्यांच्या मुलीचा फोन आला, बाबा गेले म्हणून, आम्ही रेडमंडला सामान लावत होतो तेव्हा. पण त्या काचेशी उभी असताना मला हे काही माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

नर्सनं वाटी उचलली. मग नॅपकिन घेतला आणि काकांचं तोंड पुसलं. त्याला काहीच लागलेलं नव्हतं.